जड जहाज तरंगतं, पण उभं कसं राहतं?

२६ जुलै २०१९ च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर सोडून वांगणीच्या दिशेने थोडी पुढे गेली आणि चामटोलीजवळ अडकली. उल्हास नदी पात्र सोडून शेतांत आणि तिथून रुळांवर आली होती. उजाडलं तेव्हा गाडीच्या दोन्ही अंगांना नजर जाईल तिथवर गढूळ पाणी, आत हजाराहून अधिक प्रवासी, त्यांत नऊ गरोदर बायका. आधी आसपासचे गावकरी चहा-बिस्किटं घेऊन धावले. मग एनडीआरएफ, नौदल आणि लष्कराची पथकं आली आणि रबरी बोटींच्या खेपा सुरू झाल्या. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर निघाले. त्यांना बदलापुरात आणलं गेलं आणि पुढे कल्याणहून खास गाडी सोडून कोल्हापूरला रवाना केलं.

त्या दिवसाची छायाचित्रं पुष्कळांच्या लक्षात असतील. चाकं पाण्यात घेऊन निमूट उभा असलेला पोलादी डबा आणि त्याला खेटून डुलणारी रबरी बोट. ही बोट का तरंगते, असं बदलापुरातल्या बेलवलीच्या एखाद्या शाळेत विचारलं तर वर्गातून एकच उत्तर येईल : ती हलकी आहे म्हणून. आणि डबा जड आहे म्हणून तो तरंगत नाही. उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण टिकत नाही. कोचीत बांधलेली आणि २ सप्टेंबर २०२२ ला नौदलात दाखल झालेली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ सुमारे ४५,००० टनांची आहे. रेल्वेचा एक डबा ढोबळ मानाने चाळीस टनांचा धरला, तर एका विक्रांतमध्ये अकराशेहून अधिक डब्यांचं वजन झालं. एवढं पोलाद अरबी समुद्रात तरंगतं, वर विमानं उतरवून घेतं. तेव्हा नुसत्या वजनाला दोष देऊन भागणार नाही.

दोष द्यायचा की श्रेय, ते पाण्याला द्यायला हवं. पाण्यात जसजसं खाली जावं तसतसा दाब वाढतो, हे विहिरीत सूर मारणाऱ्याच्या कानांना पुस्तकाशिवाय कळतं. हा दाब फक्त खाली ढकलत नाही, तो सगळ्या बाजूंनी ढकलतो, वरच्या दिशेनेही. आणि त्याचा हिशेब फार सोपा आहे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल, एवढ्या पाण्याचं वजन एक टन. म्हणून पृष्ठभागाखाली एक मीटरवर आडवा सपाट तळ धरला, तर त्याच्या दर चौरस मीटरला पाणी खालून एक टन वजनाइतक्या जोराने वर रेटतं. अर्धा मीटर खोल असेल तर अर्धा टन, दोन मीटर असेल तर दोन टन. बस्स. जहाजबांधणीचं अर्धं गणित एवढ्यावर उभं आहे.

आता तो डबा घेऊ. आपल्याकडच्या साध्या शयनयान डब्याची लांबी एकवीस मीटरच्या पुढे आणि रुंदी सव्वातीन मीटर. म्हणजे तळ झाला सुमारे सत्तर चौरस मीटरचा. डब्याचे चाळीस टन आणि बहात्तर प्रवासी सामानासकट पाच टन, असे पंचेचाळीस टन धरू. भागाकार केला की उत्तर येतं चौसष्ट सेंटीमीटर. दारं, खिडक्या, फटी, भोकं सगळं घट्ट बंद असतं आणि पाणी डब्याच्या तळापासून दोन फुटांहून किंचित जास्त वर चढलं असतं, तर प्रवाशांसकट तो डबा रुळांवरून उचलला जाऊन प्रवाहाला लागला असता. तसं झालं नाही याची दोन कारणं. एक म्हणजे डब्याचा तळ रुळांपासून बराच उंच असतो. चाकं आणि त्यांचे सांगाडे पाण्यात होते, पण ते भरीव लोखंड, त्यांनी बाजूला सारलेलं पाणी नगण्य. दुसरं, पाणी आणखी चढलं असतं तरी ते खालून-बाजूंनी आत शिरलं असतं. रेल्वेचा डबा पाणी बाहेर ठेवण्यासाठी बांधलेलाच नसतो, आणि पुराच्या दिवशी हे बरंच म्हणायचं.

मोटारीचं नशीब एवढं चांगलं नसतं. छोट्या मोटारीचं वजन नऊशे किलोच्या आसपास, तळ सहा चौरस मीटरचा. वरचाच भागाकार केला तर तळापासून पंधरा सेंटीमीटर पाणी पुरतं. रस्ता आणि मोटारीचा तळ यांत साधारण सोळा-सतरा सेंटीमीटरचं अंतर असतं, तेही मिळवलं तर रस्त्यावर फूटभर पाणी झालं की चाकांची पकड सुटू लागते. इंजिनाकडची बाजू उघडी असल्याने प्रत्यक्षात थोडं जास्त पाणी लागेल, पण फार नाही. ‘एवढ्याशा पाण्याने काय होतंय’ म्हणत गाडी घालणाऱ्याला हे कोणी सांगत नाही की त्याची गाडी दारं-काचा बंद करून घेतल्याने काही मिनिटांपुरती होडी झालेली असते. सुकाणू नसलेली होडी.

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीपासून बॅरेजपर्यंतच्या पट्ट्यात, पावसाळ्यात लोकांच्या तोंडी दोन आकडे असतात : साडेसोळा मीटर आणि साडेसतरा मीटर. पहिली उल्हासची इशारा पातळी, दुसरी धोक्याची. २००५, २०१९, २०२१ ही सालं इथे पुराच्या नावानेच लक्षात ठेवली जातात. पण या नदीवर तरंगण्याचा धडा घ्यायला पूर यावा लागत नाही. उन्हाळ्यात पाणी संथ झालं की उल्हासवर जलपर्णीचा हिरवा गालिचा पसरतो, कल्याणजवळ मोहन्याकडे तर नदी आहे की मैदान असा प्रश्न पडावा इतका. एक रोप उपटून हातात घ्या. पानाच्या देठाला मधोमध फुगीर गाठ असते. ती नखाने चिरली तर आत रस नाही, गर नाही. पांढरट, जाळीदार, स्पंजासारखा भाग असतो आणि दाबला की हवा फुस्सकन निघते. देठातला तो भाग भरीव असता तर रोप तळाला गेलं असतं. आत हवेचे कप्पे आहेत म्हणून तेवढ्याच वजनात ते कितीतरी जास्त जागा व्यापतं आणि जेवढी जागा पाण्यात व्यापेल तेवढं पाणी बाजूला सारतं.

गणपतीच्या दिवसांत हाच खेळ उलटा दिसतो. शाडूची भरीव मूर्ती पाण्यात सोडली की तळ गाठते आणि विरघळते. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती आतून पोकळ असते, पाणी आत नीट शिरलं नाही तर दुसऱ्या दिवशी काठाला येऊन लागते. मूर्ती केवढीही मोठी असो, तिच्या आत कोंडलेली हवा तिला बुडू देत नाही.

बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतका जोर पाणी वर लावतं, हे सुमारे सव्वाबावीसशे वर्षांपूर्वी सिराक्यूसच्या आर्किमिडीजने मांडलं. न्हाणीघरातून उघडा धावत सुटल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ असते. ती लिहून ठेवली व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुविशारदाने, तीही आर्किमिडीजच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी, तेव्हा तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. तत्त्व मात्र पक्कं आहे आणि ते समजायला टब लागत नाही. नदीतल्या पाण्याचाच एक ठोकळा मनात वेगळा कल्पा. तो वर जात नाही, खाली जात नाही. म्हणजे भोवतालचं पाणी त्याला त्याच्या वजनाइतक्याच जोराने तोलून धरतं. आता तो ठोकळा काढून त्याच जागी, त्याच आकाराचं दुसरं काहीही ठेवा. भोवतालच्या पाण्याला आत काय आहे याची दखल नसते. ते पूर्वीइतकंच ढकलत राहतं. आत ठेवलेली वस्तू त्या पाण्याहून जड असेल तर बुडेल, हलकी असेल तर वर येईल.

इथे ‘आत काय आहे’ म्हणजे नुसतं लोखंड नव्हे. लोखंड आणि त्याने वेढलेली हवा, दोन्ही मिळून. स्टीलची वाटी बादलीत अलगद ठेवली तर तरंगते. तीच वाटी ठोकून तिची गोळी केली तर बुडते. वजन गुंजभरही बदललेलं नसतं. उसाच्या पट्ट्यात गुऱ्हाळाची काहील पुरात होडीसारखी वापरणाऱ्यांनी हे तत्त्व कुठल्या वर्गात शिकलेलं नसतं. लोखंडाची मणभर वजनाची काहील, पण पसरट आणि काठ उंच.

तरीही लोखंडाचं जहाज ही कल्पना माणसाच्या गळी उतरायला वेळ लागला. इंग्लंडात जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने १७८७ च्या जुलैत सत्तर फुटी लोखंडी गलबत सेव्हर्न नदीत सोडलं, तेव्हा ते बुडणार असं म्हणणाऱ्यांची कमतरता नव्हती. ते तरंगलं. आपल्याकडे तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, सागवानाचं राज्य होतं. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने बांधलेली जहाजं इंग्रजांच्या आरमारात नावाजली गेली. १८१७ साली इथे पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगत आहे. सागवान स्वतःच पाण्याहून हलकं, पण तोफा, नांगर, माणसं, बारूद धरून जहाज तरंगायचं ते लाकूड हलकं म्हणून नव्हे, आकार पोकळ म्हणूनच.

त्याहून जुनी गोष्ट उल्हासच्या पुढच्या टप्प्याची आहे. बदलापूरहून वाहत आलेली ही नदी कल्याणला भरतीच्या पाण्याला मिळते आणि खाडी होते. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि या खाडीवर लढाऊ नावा बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर रुय लैतांव व्हिएगस हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याच्या हाताखाली कित्येक माणसं होती. ही गलबतं आपल्यावरच उलटतील हे ध्यानात आल्यावर पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्यांना काम सोडायला लावलं. काम मात्र थांबलं नाही. मराठ्यांची गलबतं युरोपी जहाजांच्या मानाने लहान, उथळ तळाची. आता वरचा हिशेब आठवा. तळ पसरट असेल तर तेवढंच वजन कमी खोलीवर तोललं जातं. म्हणून ही गलबतं अंगावर आलेल्या मोठ्या जहाजाला हुलकावणी देऊन खाडीत शिरत, आणि मोठं जहाज बाहेर थांबे. आत आलं तर गाळात रुतणार. कमी पाणी लागणं हे एक हत्यार होतं.

खाडी आणि नदी यांत आणखी एक फरक आहे, मिठाचा. एक घनमीटर गोड्या पाण्याचं वजन हजार किलो, समुद्राच्या पाण्याचं सुमारे १,०२५ किलो. पंचवीस किलोने काय होतं? समुद्रात दोन मीटर पाण्यात बसणारा चौकोनी बार्ज नदीच्या गोड्या पाण्यात आला की पाच सेंटीमीटर आणखी खाली बसतो. आपल्या खाड्यांमध्ये रेतीने भरलेल्या बोटी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना पाच सेंटीमीटरची किंमत कळेल. काठ आणि पाणी यांत कधी कधी हातभरही अंतर नसतं. पलीकडून दुसरी बोट गेली की तिच्या लाटा आत येतात. पाण्यावर राहिलेला हा काठ म्हणजे फुकट जागा नव्हे, ती शिल्लक आहे. लाटेने वर उचललं, एका बाजूला कललं, थोडं पाणी आत आलं, तर हीच शिल्लक खर्ची पडते.

मालकाला ही शिल्लक वाया गेल्यासारखी वाटते, सगळ्या काळात वाटत आली आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात जुनी, किडकी जहाजं गळ्यापर्यंत भरून, भरपूर विमा उतरवून समुद्रात पाठवत. बुडालं तरी मालकाचं नुकसान नाही, खलाशाचा जीव गेला तर गेला. सॅम्युएल प्लिम्सॉल या खासदाराने त्याविरुद्ध रान उठवलं आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या पोटावर भारमर्यादेची रेघ सक्तीची झाली. गंमत अशी की रेघ कुठे मारायची हे सुरुवातीला मालकच ठरवत. ती जागा कायद्याने ठरायला आणखी चौदा वर्षं जावी लागली. आज न्हावा-शेव्याला लागणाऱ्या कुठल्याही मालवाहू जहाजाच्या बाजूवर एक वर्तुळ, त्यातून गेलेली आडवी रेघ आणि शेजारी शिडीसारख्या छोट्या रेघा दिसतील. त्यांतली ‘एस’ उन्हाळ्यातल्या समुद्रासाठी, ‘टी’ उष्ण कटिबंधासाठी, ‘डब्ल्यू’ हिवाळ्यासाठी आणि ‘एफ’ गोड्या पाण्यासाठी. एफची रेघ एसच्या वर असते, कारण गोड्या पाण्यात जहाज तेवढं खाली बसणारच आहे हे आधीच हिशेबात धरलेलं असतं. मीठ, ऋतू आणि माणसाचा लोभ या तिन्हींचा विचार करून काढलेली ही रेघ आहे.

शाळेतला धडा इथे, किंवा याच्याही आधी, संपतो. घनता कमी म्हणून तरंगतं, उदाहरण सोडवा, पुढचा धडा घ्या. मला हे नेहमी अपुरं वाटत आलं आहे. तरंगणं सोपं असतं. ओंडकाही तरंगतो, पण त्याच्यावर उभं राहून बघा. खरी कठीण गोष्ट आहे तरंगताना सरळ उभं राहणं, आणि बुडालेल्या जहाजांतली कितीतरी जहाजं वजनाने बुडालेली नाहीत, ती आधी उलटली आहेत.

कोकणी माणसाला याचं उदाहरण सांगायला नको. १७ जुलै १९४७. ‘रामदास’ ही बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, अमावास्या तोंडावर, पावसाळी समुद्र. बोट १९३६ साली बांधलेली, म्हणजे जुनीपुराणी नव्हे. वाटेत काशाच्या खडकाजवळ ती उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. भल्यामोठ्या लाटेने बोट एका अंगाला कलली, भेदरलेली माणसं दुसऱ्या अंगाला धावली आणि बोट सावरायच्या ऐवजी उलटीच झाली, असं त्या दिवसाबद्दल सांगितलं जातं. सातशे माणसं, प्रत्येकी पन्नास किलो धरली तरी पस्तीस टन. एवढं वजन काही क्षणांत एका कडेला सरकलं तर काय होईल?

त्यासाठी दोन ठिकाणं लक्षात ठेवावी लागतात. एक, जहाजाचं सगळं वजन जिथून खाली खेचतं ते ठिकाण, गुरुत्वमध्य. दुसरं, पाण्याचा सगळा रेटा जिथून वर ढकलतो ते, म्हणजे पाण्यात बुडालेल्या भागाचा मध्य. जहाज सरळ असताना ही दोन्ही एकाखाली एक, एका उभ्या रेषेत असतात. जहाज उजवीकडे कललं की उजवी बाजू जास्त बुडते, डावी थोडी वर येते. बुडालेल्या भागाचा आकारच बदलतो आणि त्याचा मध्य उजवीकडे सरकतो. म्हणजे पाण्याचा रेटा आपोआप कललेल्या बाजूला जातो आणि तिथून जहाजाला परत सरळ करू बघतो. जहाज आपलं आपण सावरतं, कोणी काही न करता. मात्र वजन फार उंचावर असेल तर कलल्यावर तेही उजवीकडे झुकतं, आणि ते रेट्याच्याही पुढे गेलं तर दोघं मिळून जहाज पालथं घालतात. सरकत्या रेट्याची उभी रेषा जहाजाच्या मधल्या रेषेला जिथे छेदते त्या बिंदूला अधिकेंद्र म्हणू. गुरुत्वमध्य त्याच्या खाली असेपर्यंत जहाज उभं राहतं. वर गेला की खेळ संपला.

हा बिंदू किती उंच असतो हे रुंदीवर ठरतं, आणि रुंदी दुप्पट झाली तर त्यातला मुख्य भाग चौपट होतो. एक मीटर रुंद, तीस सेंटीमीटर पाण्यात बसलेली साधी चौकोनी होडी घेतली तर तिचा अधिकेंद्र तळापासून सुमारे त्रेचाळीस सेंटीमीटरवर येतो. आत मांडी घालून बसलेल्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या किंचित खाली असतो, म्हणून निभावतं. तोच माणूस उभा राहिला की त्याचा गुरुत्वमध्य कमरेपाशी, जवळजवळ मीटरभर उंचीवर जातो. ‘उभं राहू नको रे’ असं होडीवाला ओरडतो त्यामागे हा सत्तावन्न सेंटीमीटरचा फरक आहे. चामटोलीला गेलेल्या धाटणीची रबरी बोट दोन मीटर रुंद आणि दहा माणसं घेऊन जेमतेम तेरा सेंटीमीटर पाण्यात बसलेली धरली, तर तिचा अधिकेंद्र अडीच मीटरच्या वर जातो. डब्याच्या दारातून घाबरलेला प्रवासी धप्पकन उतरला तरी ती सहज उलटत नाही. फुगवलेले काठ तर वेगळेच, बोट पाण्याने भरली तरी ते तिला वर धरतात.

मोठ्या जहाजांत वजन खाली ठेवणं ही कायमची चिंता असते. जुनी गलबतं माल नसताना तळाशी दगड किंवा वाळू भरून निघत, त्याला नीरम म्हणत. आता दगडांऐवजी तळातल्या टाक्यांत समुद्राचंच पाणी भरून घेतात. मात्र हे पाणी टाकीत अर्धवट भरलेलं नको. मोकळं पाणी जहाज ज्या बाजूला कलेल त्याच बाजूला धावतं. रामदासवरची माणसं जीव वाचवायला धावली होती, पाणी उगाच धावतं, पण परिणाम तोच. ६ मार्च १९८७ ला बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून ‘हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही मोटारी वाहणारी फेरीबोट पुढचं दार उघडंच ठेवून निघाली. मोटारींच्या मजल्यावर पाणी शिरलं, ते एका बाजूला धावलं आणि बोट मिनिटा-दोन मिनिटांत आडवी झाली. १९३ जण गेले. तो मजला सलग होता, मध्ये आडव्या-उभ्या भिंती नव्हत्या. मोटारी लवकर चढाव्या-उतराव्यात म्हणून.

आपल्या मुंबईतच ५ डिसेंबर २०१६ ला ‘आयएनएस बेतवा’ ही ३,८५० टनांची युद्धनौका उलटली, आणि तीही समुद्रात नाही, नौदल गोदीत. दुरुस्तीनंतर कोरड्या गोदीत पाणी सोडून तिला तरंगवत होते आणि ती डाव्या अंगावर आडवी झाली. दोन नौसैनिकांचा जीव गेला. कोरड्या गोदीतून जहाज बाहेर काढण्याचा हा टप्पा फार नाजूक असतो. त्या वेळी जहाज पुरतं तरंगत नाही आणि पुरतं टेकलेलंही नसतं. काही वजन पाणी उचलतं, उरलेलं तळाखालचे ठोकळे. हे ठोकळे तळातून वर ढकलतात, आणि त्याचा परिणाम गुरुत्वमध्य वर गेल्यासारखाच होतो. पूर्ण तरंगताना ज्या जहाजाकडे भरपूर शिल्लक असते, त्याची या टप्प्यात ती जवळजवळ संपलेली असू शकते. बेतवा फेब्रुवारी २०१७ मध्ये पुन्हा सरळ करण्यात आली आणि नंतर कामावरही रुजू झाली.

अधिकेंद्राचा हा हिशेब नीट मांडला फ्रेंच गणिती पियर बुगेने, १७४६ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. त्यातलं बरंचसं काम त्याने पृथ्वीचा आकार मोजायच्या मोहिमेवर तेव्हाच्या पेरूत असताना, अँडीज पर्वतात, समुद्रसपाटीपासून खूप उंचावर बसून केलं. आर्किमिडीजने मात्र हे निम्मंअधिक आधीच गाठलं होतं. तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या त्याच्या ग्रंथाचा दुसरा भाग ‘तरंगतं का’ याच्याबद्दल नाहीच. कललेला घन आकार सरळ होईल की नाही, हाच त्यातला प्रश्न आहे. मूळ ग्रीक संहिता एका प्रार्थनापुस्तकाच्या पानांवरच्या मजकुराखाली खरवडलेल्या अवस्थेत १९०६ साली इस्तंबूलला हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला मिळाली. लोकांनी लक्षात ठेवली ती मात्र न्हाणीघराची गोष्ट.

माझगाव गोदीत नवं जहाज जवळजवळ पुरं झालं की त्याची एक परीक्षा होते, आणि ती पाहिली तर बुगेचं गणित किती साधेपणाने वापरतात याची गंमत वाटते. वारा पडलेला दिवस बघून जहाज शांत पाण्यात सैल बांधतात. अनावश्यक माणसं उतरवतात, टाक्या एकतर पूर्ण भरतात नाहीतर पूर्ण रिकाम्या करतात. मग माहीत असलेली वजनं डेकवर एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला हलवतात. जहाज किंचित कलतं. ते मोजायला आत ओळंबा टांगलेला असतो, अगदी गवंड्याचा असतो तसाच, फक्त दोरी लांब आणि हेलकावे शांत व्हावेत म्हणून लंबक तेलाच्या किंवा पाण्याच्या भांड्यात सोडलेला. टोक पट्टीवर किती सरकलं ते टिपतात आणि त्यावरून जहाजाचा गुरुत्वमध्य खरोखर किती उंचीवर आहे ते काढतात. कारण कागदावर सगळं मोजलेलं असलं तरी रंगाचे थर, जास्तीच्या तारा, शेवटच्या महिन्यात वाढवलेली खोली यांनी तो वर सरकलेला असू शकतो. प्रवासी जहाजाच्या रिकाम्या वजनाची तपासणी आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे पुढेही निदान दर पाच वर्षांनी करावी लागते, आणि ते ठरलेल्या मर्यादेबाहेर बदललेलं निघालं तर ओळंबा पुन्हा टांगावा लागतो.